ब्लॅक मेटलचा टी-शर्ट छापण्याआधी मी काय काय तपासतो

गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, "मामा, ब्लॅक मेटल ऐकायचं तर सैतानाला मानावं लागतं का? का नाझीच व्हावं लागतं?" ब्लॅक मेटल म्हणजे हेवी मेटल रॉकचा एक वेगवान, कर्कश प्रकार. तिच्या फोनवर त्यातल्याच बर्झम या नॉर्वेच्या बँडच्या टी-शर्टचा फोटो होता आणि तो मी छापून द्यावा अशी तिची इच्छा होती. पुण्यात माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे, बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी वर्षं मेटल बँडचे शर्ट छापतोय. तिचा तो शर्ट मी छापला नाही. का नाही, आणि एखादा बँड कसा पारखायचा, हे तिला सांगितलं तसंच इथे लिहितो.

आधी कान, मग शब्द. बँडचं नाव, फोटो, तोंडाला फासलेला काळा-पांढरा रंग हे सगळं बाजूला ठेवा आणि वीस मिनिटं नुसतं ऐका. गिटारच्या तारेवर पिक इतक्या वेगाने खाली-वर चालतं की सूर तुटत नाही, सलग वाहतो. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. खाली ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अखंड मारा. हात एवढ्या वेगात असले तरी सुरावट सावकाश बदलते. त्यामुळे थोड्या वेळाने घाई जाणवेनाशी होते आणि पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकत बसल्यासारखं होतं. वर किंचाळणारा गळा, आणि बऱ्याचदा मुद्दाम खरखरीत ठेवलेलं रेकॉर्डिंग. यातल्या एकाही गोष्टीला स्वतःचा धर्म नाही की पक्ष नाही. हे आधी कानाला पटू द्या, नाहीतर पुढची तपासणी भीतीपोटी होते.

मग ही विचारसरणीची अट आली कुठून? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने 1982 मध्ये 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला, त्यावरून या प्रकाराला नाव मिळालं. त्यांचा सैतान रंगमंचापुरता होता. नॉर्वेतल्या काही पोरांनी तो खरा मानला. मेहेम बँडचा गिटारिस्ट युरोनिमस याने 1991 मध्ये ऑस्लोत 'हेल्वेटे' म्हणजे 'नरक' नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं, आणि त्याचा आग्रह असा की गीतं सैतानाची असतील तरच ते ब्लॅक मेटल, मग वाजवणं कसंही असो. जून 1992 मध्ये बर्गनजवळचं फांतोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं, नंतर आणखीही जाळली गेली. ऑगस्ट 1993 मध्ये बर्झम एकट्याने चालवणाऱ्या वार्ग विकर्नेसने युरोनिमसचा खून केला आणि त्याला 21 वर्षांची शिक्षा झाली. बातम्या जगभर गेल्या, आणि एका दुकानात जमणाऱ्या मूठभर मुलांचा नियम सगळ्या संगीताचा नियम ठरला.

पण त्याच वेळी, त्याच देशात काय वाजत होतं ते बघा. बर्गनचा इमॉर्टल हा बँड ब्लाशिर्क नावाच्या काल्पनिक बर्फाळ प्रदेशाची गाणी करत होता. एन्स्लेव्ह्ड हा बँड जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथा सांगत होता. 1994 मध्ये होर्ड या नावाने एका ऑस्ट्रेलियन ड्रमरने एकट्याने हाच आवाज, हाच वेग घेऊन चक्क ख्रिस्ती अल्बम काढला. मला सगळ्यात बोलकी वाटते ती अँटेस्टरची गोष्ट. हा नॉर्वेचा ख्रिस्ती बँड, आणि त्यांच्या 2005 च्या अल्बमवर ड्रम वाजवलेत ते हेलहॅमरने, म्हणजे खुद्द मेहेमच्या ड्रमरने! भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हात तेच, देव वेगळा." अगदी तसंच.

आता शब्द. गळा किंचाळतो तेव्हा शब्द कळत नाहीत, म्हणून गीतं वाचावीच लागतात. मेटल आर्काइव्हज या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक बँडच्या नोंदीत गीतांचे विषय दिलेले असतात. नाझी बँड असेल तर पुष्कळदा ते तिथेच उघड लिहिलेलं सापडतं. 'परंपरा', 'रक्त', 'पूर्वज' असे गोल शब्द दिसले की तिथे थांबा आणि पूर्ण गीत वाचा. पूर्वजांचं प्रेम आणि शेजाऱ्याचा द्वेष यांतला फरक दोन कडव्यांत कळतो. आपल्या देवधर्माचं नाव घेणाऱ्या बँडलाही मी हीच फूटपट्टी लावतो. सिंगापूरचा रुद्र हा बँड स्वतःच्या संगीताला वेदिक मेटल म्हणतो, आणि त्यांच्या गीतांत अद्वैत वेदान्त आहे, कुणाविषयी विष नाही. उद्या कुणी आपल्याच देवांचं नाव घेऊन कुणाच्या वस्तीबद्दल गरळ ओकली, तर तो शर्टही माझ्या टेबलावर चढणार नाही.

यानंतर चिन्हं, आणि इथे मी स्वतः ठेचकाळलोय. काही वर्षांपूर्वी एक मुलगा एका छोट्या परदेशी बँडचं डिझाइन घेऊन आला. लोगोच्या मागे गोल सूर्य, त्याला वाकडे किरण. छान रेखीव काम होतं. मी पॉझिटिव्ह, म्हणजे डिझाइनची पारदर्शक फिल्म काढली, उजेड देऊन ते स्क्रीनच्या जाळीवर उतरवलं, काळ्या कापडावर पांढरी शाई नीट बसावी म्हणून दोन हात मारले आणि चाळीस शर्ट देऊन टाकले. त्यातला एक जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे गेला. वर्गमित्राने त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे अंगावर का घातलंयस? त्याने रात्री मला फोन केला. तो 'काळा सूर्य' होता. बारा मोडक्या किरणांचं ते चक्र जर्मनीतल्या वेवेल्सबुर्गच्या किल्ल्यात, एसएसच्या म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाच्या काळात फरशीत बसवलेलं आहे. स्क्रीन अजून धुतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी उजेडात धरून मी किरण मोजले. बाराच होते. ती जाळी मी धुऊन काढली, पण चाळीस शर्ट कुणाकुणाच्या अंगावर गेलेच होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून डिझाइन आलं की मी ते मोठं करून कोपरान् कोपरा बघतो. बारा किरणांचं चक्र, वीज पडल्यासारखे जोडीने काढलेले दोन 'एस', एसएसच्या टोपीवरची कवटी, 88 आणि 14 हे आकडे. 88 म्हणजे इंग्रजी आठवं अक्षर दोनदा, हिटलरच्या जयजयकाराचं लघुरूप. 14 म्हणजे गोऱ्या वर्णवाद्यांची चौदा शब्दांची घोषणा. नुसत्या रून लिपीवरून मात्र कुणाला नाझी ठरवू नका. नॉर्वेचे कितीतरी साधे बँड रून वापरतात, ती त्यांची जुनी लिपी आहे. स्वस्तिकाचंही तसंच. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीत जे काढतो ते सरळ बसलेलं असतं, चार घरांत चार ठिपके. नाझींचं तिरकं उभं, लाल कापडावर पांढऱ्या वर्तुळात काळं. पण कोनमापक लावून निकाल देऊ नका. शेजारी आणखी काय छापलंय ते बघा. आणि शर्ट जर्मनीला जाणार असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण नाझी चिन्हं तिथे जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे.

नंतरची पायरी म्हणजे माणूस पुढे काय बोलला आणि कसा वागला. इथे दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवावीत. डार्कथ्रोनने 1994 च्या अल्बमच्या मागच्या बाजूला 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' अशा अर्थाचे शब्द छापले. गदारोळ झाला, त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने हात झटकले. बँडने माफी मागितली, आणि 1995 च्या पुढच्या अल्बमवर आपण नाझी नाही, राजकीय बँडही नाही असं छापलं. मी त्यांचे शर्ट छापतो. विकर्नेसचं उलट आहे. बर्झमच्या जुन्या अल्बमच्या गीतांत राजकारण शोधून सापडणं कठीण. त्यांतलं संगीत मी तासन् तास ऐकलंय आणि ते सुंदर आहे हे खोटं सांगणार नाही. पण तो माणूस तुरुंगातून सुटल्यावरही लिहीत राहिला, आणि 2014 मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने वांशिक द्वेष भडकवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा आणि 8000 युरो दंड केला. त्याचं नाव माझ्या हाताने कुणाच्या छातीवर जाणार नाही. भाचीला हेच सांगितलं. ती थोडी रुसली.

शेवटी पैसा. गाणं ऐकणं वेगळं आणि अल्बम विकत घेणं वेगळं. पैसे कुणाच्या खिशात जातात ते विचारा. बँड चांगला, पण काढणारी कंपनी नाझी बँड विकते, असंही होतं. मग मी थेट बँडकडून घेतो, नाहीतर सोडतो. इतकं करूनही ऐकायला उरतं किती! अमेरिकेच्या केंटकीतला कोळसा खाणकामगारांचा लढा घेऊन पॅनॉप्टिकॉनने 2012 मध्ये अल्बम केला, त्यात ब्लास्ट बीटच्या शेजारी बँजो वाजतो. झील अँड आर्डरने गुलामीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा सूर याच संगीतात मिसळला.

भाची महिन्याभराने परत आली ती स्वतःचं डिझाइन घेऊन. तिच्या कॉलेजातल्या तिघांनी बँड केलाय, गाणी मराठीत, आणि पहिलं गाणं उजनी धरणात गेलेल्या गावावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेच तिने काढलं होतं, पाण्यातून निघालेलं शिखर. मी सवयीने डिझाइन मोठं केलं, कोपरे बघितले. पाण्याच्या रेघा फार बारीक होत्या. त्या स्क्रीनवर धरणार नाहीत, भरून जातील, म्हणून तिला जाड करून आणायला सांगितल्या.

"आणि शाई पांढरीच ना, मामा?"

"करडी घेऊ," मी म्हटलं, "गाळात राहिलेल्या दगडाचा रंग तोच असतो."