बूस्ट वाढवलेली कॅम्परव्हॅन घाटात नेण्याआधी
डिझेल कॅम्परव्हॅनचं इंजिन रिमॅप करून (त्याच्या संगणकातली सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवलात, तर आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवा. सेन्सर टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या हवेच्या पंपाच्या) अलीकडे, मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळीतच हवा. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवूनच घ्या; आत राहिलेला लोखंडाचा कीस टर्बोची पाती खातो. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, माणसं भरून चोर्ला घाट चढताना काटा 700 अंश सेल्सिअसवर टिकू लागला, की खालचा गिअर टाका आणि पाय सैल करा. वरच्याच गिअरमध्ये दाबत राहिलात तर डिझेल जास्त, हवा कमी, आणि शेवटी पिस्टन वितळतो. किनाऱ्यावर मुक्काम झाला तर इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जाळीतलं मीठ गोड्या पाण्याने, अगदी कमी दाबाने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. इंजिनच बदलणार असाल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद.