स्टॅलॅग्माइटचं वय काढताय? आधी मातीचा हिशेब करा

सोलापूरच्या जुन्या दुष्काळांचा माग काढायला स्टॅलॅग्माइट (गुहेत थेंब पडून थराथरानं वर वाढणारा चुन्याचा लवणस्तंभ) धरणाऱ्यांनी आधी पायाखाली बघावं. आपला कातळ बेसाल्टचा. चुनखडीच नाही, तर लवणस्तंभ कुठून येणार? नमुन्यासाठी आंध्रातली बेलम किंवा छत्तीसगडातली दंडक गुहा गाठावी लागते. (दंडकच्या स्टॅलॅग्माइटमधून मिळालेल्या पावसाच्या नोंदीत चौदाव्या शतकाअखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळही येतो.) लेखी परवानगीशिवाय गुहेत हातोडी नेऊ नका.

ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याच्या अणूंचे हलके-जड प्रकार, ज्यांवरून पावसाचा अंदाज येतो, ते तुम्ही शिकलेले आहातच. माणसं बुडतात ती वयात.

युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाहीच. म्हणून थर बसताना थोरियम-२३० शून्य होतं असं धरतात. पुढे थरातल्या युरेनियमपासून ते हळूहळू तयार होतं; जितकं जास्त साठलं, तितकं वय जास्त. पण थेंबाबरोबर माती आली की तिच्यातलं थोरियम-२३० आत शिरतं आणि थर उगाच म्हातारा दिसतो. ही माती थोरियम-२३२ वरून ओळखतात. मातीत २३२ च्या दहा लाख अणूंमागे २३० चे ४.४ अणू, २.२ कमीजास्त, असं सर्रास धरलं जातं. तुमच्या नमुन्यात हा आकडा १० आला, तर २३० च्या दर शंभर अणूंतले ४४ मातीचे, आणि त्यातही २२ इकडेतिकडे. म्हणजे हजार वर्षांचा वाटलेला थर साधारण ५६० वर्षांचा, २२० मागेपुढे! त्यात दहा वर्षांचा दुष्काळ कसा सापडणार? तोच आकडा २०० असेल तर मातीमुळे येणारी चूक टक्काभर. निवांत राहा.

म्हणून कापलेला भाग ओला करून भिंगाखाली बघा. तपकिरी, मळकट पट्टे आणि भोकं सोडा. दाट, घट्ट थर घ्या. समस्थानिकांना १००-२०० मायक्रोग्रॅम भुकटी पुरते, वयाला त्याच्या हजारपट लागू शकते. वाढ वर्षाला ०.१ मिमी असेल, तर १ मिमीच्या ड्रिलमध्ये दहा वर्षं एकत्र दळली जातात. सगळा स्तंभ पोखरण्याआधी दोन-तीन वयं काढून घ्या.

वरचं एक, खालचं एक, अशी दोन वयं घेऊन मधली वाढ एकसारखी धरून पट्टी ठेवणारे संशोधनाचे गाईड भेटतात. नमस्कार करा, पण पट्टी काढून घ्या. ऐन दुष्काळात थेंब आटतो, वाढ थांबते. आपण शोधतोय तेच नेमकं त्या सरळ रेषेखाली गडप होतं.

नमुना मळका निघाला तरी फेकू नका. एकाच थरातून कमीजास्त मातीचे चार-पाच तुकडे काढून आयसोक्रॉन (एकाच वयाच्या तुकड्यांची मोजमापं जोडणारी रेषा) करता येतो. मग ४.४ गृहीत धरावं लागत नाही, त्या गुहेतल्या मातीचा स्वतःचा आकडा मिळतो. खर्च मात्र चार-पाचपट.