पावसाचा अंदाज : कोणाचा पाहावा, किती मानावा आणि कसा पडताळावा

फोनच्या पडद्यावर पिवळाधमक सूर्य झळकत असताना खिडकीबाहेर पाऊस कोसळत असतो, किंवा छत्री घेऊन बाहेर पडावे तर दिवसभर थेंबही पडत नाही, हा अनुभव न घेतलेला माणूस सापडणे कठीण आहे. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो : एक ॲप काढून टाकायचे आणि दुसरे घ्यायचे. काही आठवड्यांनी तेही हुलकावणी देते आणि अंदाज म्हणजे थापा, अशी समजूत पक्की होते. वास्तविक, तापमानाचा अंदाज हल्ली बऱ्यापैकी जुळतो. पाऊसच का चुकतो, आणि त्यातही नेमका आपल्या डोक्यावरचा पाऊस का चुकतो, याला स्पष्ट कारणे आहेत. ती लक्षात आली की कोणत्या कामासाठी कोणाचे ऐकायचे हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

पायरी १ : आधी प्रश्न नेमका करावा

"उद्या पाऊस आहे का?" या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळतच नाही. कोठे, कोणत्या वेळेत आणि किती पाऊस झाला तर आपले काम अडेल, या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. गच्चीवर जलरोधक लेप द्यायचा असेल तर तो सुकेपर्यंतचे सगळे तास कोरडे हवेत आणि एक मिलिमीटर पाऊसही काम बिघडवतो. पण चारचाकीने प्रवासाला निघायचे असेल तर तेवढ्या पावसाने काहीच अडत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे हिशेबाला पुरते. मात्र दहा मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिमत पडणार की वीस मिनिटांत ओतणार, हे दिवसाच्या एकूण आकड्यावरून कळत नाही, आणि आपल्याला बहुधा तेच हवे असते.

पायरी २ : चित्रामागचा आकडा कसा तयार होतो ते समजून घ्यावे

ढगाचे किंवा सूर्याचे चित्र हे एका लांबलचक गणिताचे शेवटचे टोक असते. संगणकातील हवामानाचे मॉडेल पृथ्वीभोवतीच्या हवेची चौकटींत वाटणी करते आणि प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, आर्द्रता व वारा पुढे कसे बदलतील ते मोजत जाते. युरोपीय देशांच्या संयुक्त हवामान केंद्राच्या जागतिक मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची आहे, तर अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलची साधारण १३ किलोमीटरची. म्हणजे युरोपीय मॉडेलमध्येही सुमारे ८१ चौरस किलोमीटर क्षेत्राला पावसाचा एकच आकडा मिळतो. आता दुपारी उकाड्याने उभा राहिलेला गडगडाटी ढग पाहा. तो अनेकदा चार-पाच किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात जन्मून, बरसून, विरूनही जातो. असा ढग या मॉडेलला स्वतंत्रपणे दिसतच नाही. या चौकटीत असे ढग तयार होण्याजोगी परिस्थिती आहे एवढेच ते ओळखते आणि सरासरी पावसाचा आकडा ठोकताळ्याने भरते. त्यामुळे 'चार मिलिमीटर' या आकड्याचा प्रत्यक्षातील अर्थ बरेचदा असा असतो की, रस्त्याच्या एका टोकाला गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या टोकाला धूळ. अंदाज दोन्ही टोकांना खोटा वाटतो, पण त्या चौकटीपुरता तो बरोबरही असू शकतो.

पाऊस सगळाच असा नसतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा किंवा थंड आणि उष्ण हवेच्या सीमेवरचा पाऊस मॉडेलला कित्येक दिवस आधी दिसतो, कारण तो चौकटीपेक्षा फार मोठा असतो. म्हणून अंदाज पाहताना पहिली चौकशी ही करावी की, येणारा पाऊस झडीचा आहे की तुटक सरींचा. हवामान विभागाच्या मजकुरात 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द असतील तर तो पहिल्या जातीचा समजावा, 'तुरळक ठिकाणी' असे असतील तर दुसऱ्या. हे शब्द रटाळ वाटतात आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो, पण माझ्या मते त्या दोन शब्दांत चित्रापेक्षा अधिक माहिती असते.

एक ते तीन किलोमीटर चौकटीची प्रादेशिक मॉडेले अनेक देशांत चालवली जातात. ती वादळी ढगाचे रूप पुष्कळ खरे दाखवतात, पण ढग याच गावावर येईल की शेजारच्या, हे तीही खात्रीने सांगू शकत नाहीत. याचे मूळ वातावरणाच्या स्वभावात आहे. १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी संगणकावरील आपले हवामानाचे गणित मध्येच थांबवून पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि थोड्याच वेळात दोन्ही गणितांची उत्तरे एकमेकांना ओळखेनाशी झाली. आरंभीची मोजमापे कधीच पूर्ण अचूक नसल्यामुळे आज मोठी केंद्रे एकच गणित करून थांबत नाहीत. युरोपीय केंद्र आरंभस्थितीत बारीक फरक करून ५१ गणिते चालवते आणि त्यांतील किती पाऊस दाखवतात ते पाहते. टक्केवारीचा उगम मुख्यतः येथे आहे.

पायरी ३ : टक्के वाचायला शिकावे

'पावसाची शक्यता ४० टक्के' याचा अर्थ कोणी दिवसातील ४० टक्के वेळ असा घेतो, कोणी ४० टक्के भाग असा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार, ठरावीक मुदतीत त्या क्षेत्रातील कोणत्याही एका ठिकाणी किमान ०.०१ इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, पाऊस पडण्याची ती शक्यता असते. किती पडेल, याविषयी टक्के काहीच बोलत नाहीत. ८० टक्क्यांची नुसती भुरभुर असू शकते आणि २० टक्क्यांचा मुसळधारही.

तासागणिक टक्क्यांत तर हमखास फसगत होते. दुपारी १२ ते ६ या सहा तासांपुढे प्रत्येकी २० टक्के लिहिले असतील तर सबंध दुपारची शक्यता २० टक्केच आहे असे समजू नये. हे तास एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असते, तर सहाही तास कोरडे जाण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के, आणि कधीतरी पाऊस येण्याची शक्यता ७४ टक्के झाली असती. प्रत्यक्षात लागोपाठचे तास एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणून खरा आकडा २० आणि ७४ यांच्या दरम्यान कोठेतरी असतो. गच्चीवर लेप देणाऱ्याला २० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक चांगलाच महागात पडू शकतो.

पायरी ४ : स्रोत निवडावे, पण मोजकेच

पाच ॲप म्हणजे पाच मते नव्हेत. जगाचा अंदाज देणारी मोठी मॉडेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पुष्कळशी ॲप त्यांतलेच एखादे उचलून वेगळ्या रंगात सजवतात. ॲपच्या माहितीच्या पानावर कोणते मॉडेल वापरले आहे ते शोधावे. सापडले नाही तर ते ॲप महत्त्वाच्या निर्णयासाठी वापरू नये, असे मी म्हणेन. युरोपीय आणि अमेरिकी मॉडेलांचे अंदाज शेजारी शेजारी दाखवणारे एखादे ठिकाण निवडले की काम भागते. दोन्ही जुळत असतील तर विश्वास वाढवावा, जुळत नसतील तर आज खात्रीने सांगण्याजोगे काही नाही हे उत्तर समजावे. त्यातले आपल्याला सोयीचे तेवढे उचलणे हा मोह मात्र टाळावा; दहा स्रोत पाहणाऱ्याला त्यांतला एक तरी हवे ते सांगतोच.

दुसरा स्रोत देशाच्या हवामान विभागाचा असावा. तेथे मॉडेलांचे निकाल अनुभवी माणसे पाहतात, त्या प्रदेशातील डोंगर आणि समुद्र पावसाशी कसे वागतात हे त्यांना ठाऊक असते, आणि इशारे देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर असते. अतिवृष्टी, पूर किंवा विजा यांच्या बाबतीत ॲपमध्ये इशारा दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे कधीही गृहीत धरू नये.

मुदतीप्रमाणे स्रोत बदलतो. दहा दिवसांपलीकडचे रोजचे चित्र सरळ सोडून द्यावे. पंधराव्या दिवशी दुपारी ३ वाजता सरी दाखवणारे ॲप अचूकतेचा केवळ आव आणत असते. तीन ते सात दिवसांसाठी मॉडेलांचा कल पाहावा, एक-दोन दिवसांसाठी विभागाचा मजकूर वाचावा आणि त्याच दिवशीच्या कामासाठी उपग्रह व रडार पाहावे. शिवाय अंदाज केव्हाचा आहे ते तपासावे. जीएफएस दिवसातून चार वेळा चालवले जाते आणि प्रत्येक वेळी निरीक्षणे गोळा होऊन गणित पुरे होईपर्यंत काही तास जातात, त्यामुळे सकाळी पाहून ठेवलेला अंदाज दुपारपर्यंत शिळा झालेला असतो.

पायरी ५ : पुढच्या दोन तासांसाठी रडार स्वतः वाचावे

स्थानिक पावसापुरते बोलायचे तर सगळ्यात जास्त मोल या पायरीला आहे, आणि बहुतेक लोक नेमकी तीच वगळतात. रडार अंदाज सांगत नाही. आता या क्षणी थेंब कोठे आहेत ते सांगते. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारची मागच्या तासाभराची हलती चित्रमालिका उघडावी, आपले ठिकाण शोधावे आणि पावसाच्या पट्ट्याची आपल्याकडची कड कोठून कोठे सरकली ते पाहावे. समजा अर्ध्या तासात ती कड १२ किलोमीटर सरकली आणि आता आपल्यापासून २४ किलोमीटरवर आहे, तर दिशा न बदलल्यास साधारण तासाभरात पाऊस पोहोचेल. मात्र पट्टा पुढे येतो आहे की मध्येच विरतो आहे, हेही चित्रागणिक पाहावे. उकाड्याच्या दुपारी काहीच नसलेल्या जागी नवा ढग अर्ध्या तासात उभा राहतो. त्या दिवशी हा हिशेब तासाभरापलीकडे ताणू नये.

रंगांची पट्टी डेसिबेल झेड (dBZ) या, थेंबांवर आपटून परतणाऱ्या रडारच्या लहरींची ताकद सांगणाऱ्या एककात असते. नेहमीच्या सूत्राने ३० म्हणजे ताशी सुमारे ३ मिलिमीटर, ४० म्हणजे ताशी ११-१२ मिलिमीटर आणि ५० म्हणजे ताशी ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पट्टीवरची प्रत्येक दहाची वाढ पाऊस सुमारे चौपट करते, हे ध्यानात ठेवले की पिवळा रंग लाल झाला म्हणजे काय झाले ते उमगते.

रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे आणि किरण किंचित वर रोखलेला असल्यामुळे तो दूर जाईल तसा उंच जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर आणि २०० किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंचीवर असतो. म्हणून रडारपासून दूर राहणाऱ्याला खालच्या ढगांतला पाऊस दिसत नाही, आणि वर दिसलेला पाऊस कधी कोरड्या हवेतून खाली येताना वाफ होऊन जातो. डोंगराआड तर किरण पोहोचतच नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, काही ॲपमधील रडारचे चित्र 'आता' या रेषेपाशी गुपचूप मॉडेलच्या अंदाजात बदलते. रेषेच्या अलीकडचे निरीक्षण असते, पलीकडचे भाकीत.

पायरी ६ : वही ठेवावी

आपल्या ठिकाणी कोणता स्रोत चालतो हे कोणी दुसरा सांगू शकत नाही. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे एक भांडे उघड्यावर, भिंती आणि झाडे यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावे आणि रोज ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजून भांडे रिकामे करावे. वहीत आदल्या संध्याकाळचा प्रत्येक स्रोताचा अंदाज आणि शेजारी प्रत्यक्ष पाऊस लिहावा. अंदाज आधी लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण पाऊस पडून गेल्यावर माणसाची स्मरणशक्ती पक्षपाती होते.

महिना-दोन महिन्यांनी नुसते 'किती वेळा बरोबर' असे मोजू नये. १८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिन्ले यांनी चक्रवाती झंझावातांचे (टॉर्नेडोंचे) अंदाज वर्तवून ९६.६ टक्के यश मिळाल्याचे जाहीर केले. त्यांच्या २,८०३ अंदाजांपैकी २,६८० 'झंझावात नाही' असे सांगून खरे ठरले होते. दररोज डोळे मिटून 'नाही' म्हटले असते तर यश ९८.२ टक्के झाले असते, हे लगेच दाखवून देण्यात आले. प्रत्यक्षात झालेल्या ५१ झंझावातांपैकी त्यांना २८ आधी सांगता आले होते आणि ७२ वेळा दिलेला इशारा फुकट गेला होता. कोरड्या ऋतूत 'पाऊस नाही' सांगणारे ॲपही असेच हुशार दिसते. म्हणून वहीत दोनच रकाने मोजावेत : पाऊस आला त्यांपैकी किती वेळा तो सांगितला होता, आणि सांगितला त्यांपैकी किती वेळा आला. टक्क्यांची परीक्षा वेगळी असते. ३० टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी दहात तीन दिवस ओले निघाले तर तो स्रोत खरा बोलतो; दहापैकी एकच निघाला तर तो आकडा फुगवतो आहे. काही खासगी कंपन्या लहान शक्यता मुद्दाम फुगवत असल्याचे आढळले आहे, कारण न सांगता आलेल्या पावसाबद्दल लोक जितके बोलतात तितके सांगून न आलेल्या पावसाबद्दल बोलत नाहीत.

पायरी ७ : किती टक्क्यांवर हालचाल करायची ते आधी ठरवावे

खबरदारीचा खर्च आणि ती न घेतल्यास होणारे नुकसान यांचा भागाकार हा आपला उंबरठा होय. उघड्यावर वाळत घातलेला माल झाकण्याची मेहनत एक भाग आणि भिजल्यास नुकसान दहा भाग असेल, तर शक्यता १० टक्क्यांवर जाताच ताडपत्री काढावी; त्यानंतर दहापैकी आठ वेळा पाऊस आला नाही तरी हिशेब फायद्याचाच राहतो. उलट कार्यक्रमच रद्द करण्याचा खर्च नुकसानीच्या निम्मा असेल, तर ५० टक्क्यांखाली हात लावू नये. हा उंबरठा प्रत्येक कामाचा वेगळा असतो, म्हणून तोही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आभाळ भरून आल्यावर तो शांतपणे ठरवता येत नाही. आणि झाकायला अर्धा तास लागत असेल, तर थेंब अंगावर येण्याची वाट न पाहता, रडारवर सर पाऊण तास दूर असतानाच गच्चीवर जावे.