एन्ड्युरन्सवरून रेस सायकलवर: मापं कशी उतरवायची

एन्ड्युरन्स (लांब अंतर आरामात कापायची, उंच हँडलची) सायकल सोडून रेस (खाली वाकून वेगात चालवायची) सायकल घेताना फ्रेमच्या ५४, ५६ या साइझच्या आकड्यांवर जाऊ नका. स्टॅक (बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या अक्षाच्या, मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची) आणि रीच (त्याच दोन ठिकाणांमधलं आडवं अंतर) पाहा. जुन्या सायकलीपेक्षा स्टॅक ३०-४० मिमी कमी भरला, तर हँडल तेवढंच खाली जाणार.

आधी जुन्या सायकलीची मापं घ्या: बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटची उंची, सीट त्याच्या किती मागे आहे, आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर. सीटची मापं नव्या सायकलीवर जशीच्या तशी उतरवा. क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ ऐवजी १७० मिमी असेल, तर सीट २.५ मिमी वर घ्या.

फोर्कची नळी (पुढच्या चाकाच्या फोर्कचा वर हँडलकडे जाणारा भाग) लगेच कापू देऊ नका, कापलेली परत जोडता येत नाही. स्टेमखाली (हँडल या नळीला धरून ठेवणारा तुकडा) ३० मिमी स्पेसर (नळीवर बसणाऱ्या कड्या) ठेवून सुरुवात करा आणि दर दोन आठवड्यांनी ५ मिमी काढून स्टेमच्या वर चढवा. नळी तिरकी असल्याने हँडल १० मिमी खाली आलं की सुमारे ३ मिमी पुढेही सरकतं. हात ताणले गेले, तर स्टेम १० मिमी आखूड लावा. बोल्ट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच), स्टेमवर लिहिलेल्या आकड्याइतके आवळा.

तळहात बधिर होतात म्हणून सीटचं टोक खाली झुकवू नका. अंग पुढे घसरून हातांवरचा भार उलट वाढतो.