शेजाऱ्यावरची प्रीती कृतीत कशी आणावी: माँटगोमेरीचा धडा

वर्णभेदाच्या काळात शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी, हे मंडळीत शिकवायचे असेल तर बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायापासून सुरुवात करावी. शास्त्र्याने "माझा शेजारी कोण?" असे विचारले, येशूने दाखला सांगून त्यालाच उलट विचारले की, लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण झाला. परक्या मानल्या जाणाऱ्या शोमरोनी माणसाने त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि खर्चासाठी पैसे दिले. म्हणून वाहन, वेळ आणि पैसा यांपैकी आपण काय देणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे.

ते कसे ठरवावे, हे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराकडून शिकावे. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर ५ डिसेंबर १९५५ पासून तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस शहरातील बसवर बहिष्कार टाकला. कामावर जाणाऱ्यांना पोहोचवण्यासाठी मोटारींची व्यवस्था उभी राहिली आणि चर्चच्या नावावरही गाड्या घेतल्या गेल्या. जॉर्जिया गिलमोर व त्यांच्या सोबतिणी जेवण आणि पाय (pie) नावाचा भाजलेला पदार्थ करून विकत व ते पैसे आंदोलनाला देत. पैसे कुठून आले असे विचारले, तर "कुठूनच नाही" असे उत्तर मिळे, कारण नाव कळले असते तर त्या बायकांची नोकरी गेली असती. मदत करणाऱ्याचे नाव असे झाकून ठेवणे हीसुद्धा प्रीतीच आहे, आणि अर्पणाचा हिशेब वाचून दाखवताना आपण ते विसरतो.

अन्याय ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांनी पुढारीपण मागू नये. रॉबर्ट ग्रेट्झ हे कृष्णवर्णीय लुथरन मंडळीचे गोरे पाळक. त्यांनी आपली गाडी लोकांना पोहोचवण्यासाठी चालवली आणि त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला तरी ते शहरातच राहिले. असा धोका पत्करायची आपली तयारी आहे का, हे प्रार्थनेत प्रामाणिकपणे तपासावे.

शेवटी सराव करावा, कारण रागाच्या क्षणी केवळ वचन पाठ असून भागत नाही. एकत्र बसण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केल्यावर माँटगोमेरीच्या सभांमध्ये वेदीसमोर बससारख्या खुर्च्या मांडल्या गेल्या. कोणी चालक झाले, कोणी गोरे प्रवासी, आणि शिवी आली तर उलट शिवी न देण्याची तालीम झाली. त्या वेळी वाटलेल्या सूचनापत्रकात असेही होते की, शेजारी बसताना, तो गोरा असो वा काळा, आधी "बसू का?" असे विचारावे.