केल्टिक धर्मावरचं महागडं पुस्तक घेण्याआधी

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. त्यामुळं पुस्तकाची किंमतसुद्धा माझ्या डोक्यात रोपांतच मोजली जाते. केल्ट म्हणजे रोमनांच्या काळी पश्चिम युरोपात राहणारे लोक. त्यांच्या धर्मावरचं एखादं अभ्यासग्रंथ म्हणावं असं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक शंभर पौंडांच्या सहज पुढं जातं. म्हणजे अकरा-बारा हजार रुपये, अर्ध्या एकराची टिश्यू कल्चरची रोपं. एवढे पैसे घालण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

अशी पुस्तकं जेमतेम काहीशे प्रती छापतात आणि ती ग्रंथालयं घेतील, असाच प्रकाशकाचा हिशेब असतो. म्हणून किंमत जास्त म्हणजे पुस्तक भारी, असं धरून चालू नका. पुस्तकाचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो.

ड्रुइड हे केल्टांचे पुरोहित. रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो की त्यांच्यातले काही वीस-वीस वर्षं शिकत आणि ती विद्या लिहून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळं आज हाताशी तीनच गोष्टी उरल्या: ग्रीक-रोमन लेखकांचे उल्लेख, जमिनीतून निघालेल्या मूर्ती नि शिलालेख, आणि कित्येक शतकांनी ख्रिस्ती आयर्लंडमध्ये उतरवल्या गेलेल्या कथा. त्यातला सीझर तर केल्टांचं गॉल, म्हणजे साधारण आजचं फ्रान्स, जिंकायला आलेला. आपल्याकडं 1880 चं खानदेश गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, आहे. उद्या खानदेशात श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीची गाणी, रोट, नथ घातलेला नारळ हे सगळं पुसलं गेलं आणि फक्त साहेबानं लिहिलेलं ते गॅझेटिअर उरलं, तर आपला श्रावण कुणाला कितीसा कळेल? केल्टांवरचं कुठलंही पुस्तक मी हाच प्रश्न मनात ठेवून उघडतो. चांगला लेखक जागोजागी सांगतो, हे सीझरचं, हे दगडावरचं, हे आयरिश कथेतलं. तिन्ही एकाच पातेल्यात ढवळणाऱ्याला मी पैसे देत नाही.

विकत घेण्याआधी शेवटची नावांची सूची बघायला मिळाली तर जरूर बघा. ऑनलाइन बरेचदा मिळते, जुन्या पुस्तकाच्या विक्रेत्याकडं फोटो मागता येतो. सूचीत आयोलो मॉर्गानुग हे नाव शोधा. 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर बार्डांचा, म्हणजे केल्टिक परंपरेतल्या कवी-गायकांचा, सोहळा भरवणारा हा वेल्श कवी. त्यानं प्राचीन म्हणून पुढं केलेलं बरंचसं त्यानं स्वतःच रचलेलं होतं. लेखक त्याची चिकित्सा करत असेल तर उत्तम. त्याचं लेखन जुना पुरावा म्हणून वापरत असेल तर पुस्तक खाली ठेवा. झाडांच्या नावांचे तेरा ‘केल्टिक महिने’ दिसले तरी तेच करा. ते इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हजच्या 1948 च्या पुस्तकातून पसरले. 1897 मध्ये फ्रान्समध्ये कॉलिन्यी इथं सापडलेल्या कांस्यपत्र्यावरच्या खऱ्या पंचांगातले महिने वेगळेच आहेत.

फुकट मिळतं ते आधी वाचून संपवा. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांताचं सहावं प्रकरण आणि मॅककलकचा 1911 चा केल्टिक धर्मावरचा जाड ग्रंथ, दोन्ही इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वाचनाच्या संकेतस्थळावर आहेत. हे ठाऊक नव्हतं तेव्हा त्याच मॅककलकच्या नव्या छपाईला मी एकोणीसशे रुपये मोजले. पार्सल फोडलं तर तळटिपांच्या जागी अक्षरांचा नुसता चुरा, यंत्रानं वाचून जसंच्या तसं छापलेलं. अशा ग्रंथात तळटीप गेली म्हणजे पुरावाच गेला. जुन्या पुस्तकाची नवी छपाई घेताना आतल्या दोन पानांचा फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नव्या ग्रंथासाठी आधी परीक्षण वाचा. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या संकेतस्थळावर खातं काढलं की महिन्याला शंभर लेख फुकट वाचता येतात आणि तिथं दोन-तीन पानांची परीक्षणं भरपूर आहेत. घरातलं कुणी जळगावच्या विद्यापीठात शिकत असेल, तर तिथल्या ग्रंथपालांना भेटा. एखाद्याच प्रकरणाची गरज असेल तर लेखकाला साधं पत्र लिहा. पुष्कळ प्राध्यापक आनंदानं पाठवतात. सुरुवातीलाच विकत घ्यायचं तर बॅरी कनलिफचं ड्रुइडांवरचं छोटं पुस्तक घ्या, काहीशे रुपयांत काम होतं. मोठ्या ग्रंथाची कागदी बांधणीची आवृत्ती वर्षा-दोन वर्षांत निघते का, तेही बघा. बरेचदा निघते.

परदेशातून मागवताना पुस्तकाची नव्हे, रावेरच्या पिनकोडपर्यंतची किंमत विचारा. 2019 पासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे, आणि कुरिअरवाल्यांचे पैसे वेगळे. ग्रंथालयांनी काढून टाकलेल्या प्रती सर्वांत परवडतात. शिक्के, प्लॅस्टिकचं वेष्टण, मागं चिकटवलेला तारखांचा कागद चालेल. फक्त चित्रांची पानं शाबूत आहेत ना, हे लेखी विचारून घ्या. मूर्तींवरच्या पुस्तकात निम्मी किंमत त्या पानांचीच असते.

माझ्याकडं अशीच एक प्रत आली. तिच्यात इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टरच्या तीन मातांचा, म्हणजे मातृदेवींच्या दगडी शिल्पाचा, फोटो आहे, ओळीनं बसलेल्या, मांडीवर फळं नि भाकरी. श्रावणात रोटांचं दळण निवडता निवडता बायकोनं तो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि विचारलं, “यांची गाणी कुणी लिहून ठेवली नाहीत का?”