मे महिन्यातलं नागपुरी लग्न: बुके, हार अन् गजरे घरच्या घरी कसे करायचे

नागपुरात फुलांचं दुकान चालवते, अन् सीझनमधे कोणी ना कोणी विचारतंच की ताई, साक्षगंधाचा (साखरपुड्याचा) बुके अन् घरच्यांचे गजरे आम्हीच केले तर जमेल का. जमेल ना. स्टेज अन् मांडव डेकोरेशनवाल्याला द्या, त्याच्याकडे शिड्या असतात, माणसं असतात, आपण त्यात पडू नये. पण बुके, दोन हार, गजरे, हळदीचे दागिने एवढं काम घरातल्या तीन-चार जणी गप्पा मारत करू शकतात. फक्त फुलं कधी आणली, कधी पाण्यात गेली अन् पाण्याबाहेर किती वेळ राहणार हा हिशोब पक्का पाहिजे. गाठ वाकडी बसली म्हणून फसलेला बुके मी क्वचितच पाहिला, फुलांना प्यायला पाणीच मिळालं नाही म्हणून फसलेले ढीगभर. त्यात आपल्याकडे मे मधे पारा ४५ च्या आसपास, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर विचारूच नका, अन् नेमके मुहूर्तही तेव्हाच.

पहिलं काम: उलटा हिशोब

पत्रिकेवर सायंकाळी ७ चा मुहूर्त असला तरी ७ वाजता वरात लॉनच्या (लग्नाच्या मोकळ्या मैदानाच्या) बाहेरच नाचून राहिली असते. म्हणून हार साडेनऊपर्यंत अन् बुके स्टेजवर ११ पर्यंत टिकला पाहिजे असं धरून मागे मोजत यायचं. गुलाब, कार्नेशन, जिप्सी (ती बारीक पांढरी फुलं), कामिनीची पानं आदल्या दिवशी सकाळी आणायची म्हणजे रात्रभर पाणी पितात. लिली घ्यायची असेल तर तीन-चार दिवस आधी, घट्ट कळ्या घ्या, लग्नाच्या दिवशी बरोबर उमलते. झेंडू, निशिगंधाची सुटी फुलं अन् मोगरा मात्र त्याच दिवशी पहाटे. बुके लग्नाच्या दिवशी सकाळी, हार दुपारी, गजरे सगळ्यात शेवटी.

दुसरं: मार्केटमधे काय पाहायचं

सीताबर्डीच्या नेताजी मार्केटला सकाळी लवकर जा, ऊन चढलं की तिथला मालही आपल्यासारखाच थकतो. डच गुलाबाचा बंच बहुतेक २० चा असतो, जरबेराचा १० चा, झेंडू किलोवर. जे लागेल त्याच्यावर दहा-पंधरा टक्के जास्त घ्या कारण हाताळताना मोडतंच. भाव तिथीवर चालतात, मोठी तिथी असली की सकाळचा भाव दुपारी राहत नाही, म्हणून आठवडाभर आधी एखाद्या दुकानदाराला सांगून ठेवलेलं बरं.

गुलाब घेताना वरची टवटवी पाहू नका, ती पाणी मारून आणता येते. फूल खालच्या बाजूला, देठाच्या जरा वर, दोन बोटांत हलकंसं दाबा. टणक लागलं तर ताजं, भुसभुशीत लागलं तर परत ठेवा. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, काळपट असतील तर घाबरू नका, त्या आतल्या फुलाला सांभाळायला मुद्दाम ठेवलेल्या असतात, बुके बांधताना अलगद काढायच्या. निशिगंधाच्या काड्या खालची दोन-तीन फुलं उमललेली अन् बाकी कळ्या अशा घ्या. झेंडू कोरडा घ्या, वजन वाढवायला पाणी मारलेला झेंडू पोत्यात तापून संध्याकाळपर्यंत सडायला लागतो, हात आत घातला की गरम लागतं, तेवढ्यावर कळतं.

अन् रंग मारलेली फुलं, निळी निशिगंध वगैरे, हारात घेऊच नका. घामाने तो रंग शेरवानीवर उतरतो अन् मग फोटोत नवरदेवाच्या छातीवर निळे डाग.

तिसरं, अन् ह्याच्यावर बाकी सगळं उभं आहे: पाणी

बादल्या आधी साबणाने घासून घ्या. बादलीत बुरशी-शेवाळ असेल तर तेच देठात जाऊन नळी बंद करतं अन् फूल भरल्या पाण्यात सुकतं, मग लोक म्हणतात माल खराब होता. पाणी कोणतं घ्यायचं हेही पाहा, मे मधे दुपारी टाकीच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं ते चालणार नाही, रात्री भरून ठेवलेलं घ्या.

देठाचं खालचं टोक तिरपं कापायचं, साधारण एक इंच, अन् शक्यतो पाण्याच्या आत धरून कापायचं. हवेत कापलं की देठाच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकतो अन् पाणी वर चढत नाही, गुलाबाची मान पडते ती बहुतेक ह्याच्यामुळेच. कात्री धारदार पाहिजे, बोथट कात्रीने देठ चेंगरतो. पाण्याखाली येतील तेवढी पानं काढून टाका, वरची राहू द्या.

दुकानातली फुलं टिकवायची पावडर मिळाली तर उत्तम, नाहीतर एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस अन् अर्धा चमचा कपड्यांचं साधं ब्लीच. साखर फुलाचं खाणं, लिंबाने पाणी लवकर वर चढतं, ब्लीच जंतू मारतं. पण लिंबू अन् ब्लीच कधीही थेट एकमेकांत ओतायचं नाही, विषारी वायू निघतो. बादलीभर पाण्यात आधी एक टाकून ढवळायचं, मग दुसरं.

जरबेराचं वेगळं आहे, त्याचा देठ लुसलुशीत अन् केसाळ, खोल पाण्यात सडतो, त्याला दोन-तीन इंचच पाणी द्यायचं.

आता ठेवायचं कुठे. सगळ्यात चांगली जागा म्हणजे कूलरची खोली. नागपूरकरांचं हे एक सुख आहे, कूलरच्या हवेत ओल असते अन् ती फुलांना मानवते, एसीची हवा कोरडी असते. फक्त कूलरच्या झोतासमोर बादली ठेवू नका, पंख्याखालीही नको. घरच्या फ्रिजमधे ठेवायचंच असेल तर कागदात गुंडाळून, अन् ऑर्किड किंवा अँथुरियम तर अजिबातच नाही, ती गरम मुलखातली फुलं, १० डिग्रीच्या खाली गेली की काळी पडतात.

लग्नघरात मे मधे आंब्याच्या पेट्या असतातच. पिकणारे आंबे अन् केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात, तो फळ पिकवतो तसाच फुलालाही म्हातारं करतो, कार्नेशन तर त्याने उमलायचंच विसरतं. फुलांची खोली अन् आंब्यांची खोली वेगळी पाहिजे. संत्र्यांचं मात्र मला खूप जण विचारतात. चांगलं संत्रं हा वायू फारच कमी सोडतं, त्याची भीती नाही, हिरवी बुरशी आलेलं असेल तर तेवढं बाहेर फेका.

एखाद्या गुलाबाने मान टाकलीच तर देठ परत कापा, फूल अन् देठ वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून सरळ उभा करून गळ्यापर्यंत पाण्यात तास-दोन तास ठेवा. बहुतेक उठतो.

चौथं: बुके बांधणे

२० गुलाब, चार-पाच काड्या जिप्सी, सहा-सात काड्या कामिनी, एवढ्यात नवरीच्या हातात शोभेल असा बुके होतो. काटे अन् खालची पानं आधीच साफ करून सगळं टेबलावर मांडून ठेवा, मधेच शोधाशोध नको.

डाव्या हातात अंगठा अन् पहिल्या बोटाच्या मधे एक गुलाब सरळ धरा. दुसरा त्याच्यावर तिरपा ठेवा, फूल डावीकडे अन् देठ उजवीकडे. तिसराही तसाच, त्याच बाजूला तिरपा. दर दोन-तीन काड्यांनंतर पूर्ण जुडी हातातल्या हातात थोडी फिरवायची अन् परत त्याच बाजूने टाकायची. सगळे देठ एकाच दिशेने वळले की खाली उसाच्या मोळीसारखी पिळाची कंबर दिसते अन् वर घुमट आपोआप येतो. एकही देठ उलटा गेला तर तिथे फट पडते अन् बांधताना तोच मोडतो. मुठी आवळून धरू नका, पकड सैल ठेवा. जिप्सी मधे मधे खोचा, पण फुलांच्या वर येऊ देऊ नका, कामिनी बाहेरून. मग जिथे बोटं आहेत तिथेच सुतळी किंवा रबर, देठ खाली एक वीत ठेवून सारखे कापा, रिबन सगळ्यात शेवटी, निघायच्या वेळी. तोपर्यंत बुके पाण्याच्या ग्लासात उभा.

लिली वापरत असाल तर फूल उघडतानाच आतले तपकिरी परागकोश चिमटीने काढून टाका. ते एकदा शालूला लागले की गेलं काम. लागलेच तर पाणी लावू नका, हाताने पुसू नका, सेलोटेप हलकेच चिकटवून उचला, कोरडे असताना बरेचसे निघतात. हे आत्याबाईंना अन् मावशीबाईंना आधीच सांगून ठेवा, कारण डाग दिसला की ओला रुमाल घेऊन त्याच पहिल्या धावतात.

टेबलावरच्या सजावटीला फुलं खोचायचा हिरवा फोम वापरणार असाल तर तो पाण्यावर नुसता ठेवा अन् आपलाआपला बुडू द्या. वरून दाबला की आत कोरडं राहतं अन् त्याच भागात खोचलेली फुलं सुकतात.

पाचवं: हार, गजरे, हळद

हार फार जड करू नका. ओला निशिगंध अन् गुलाब मिळून वजन बरंच होतं, नवरीच्या अंगावर आधीच दागिने, शालू, मुंडावळ्या, अन् वरून लॉनचा उकाडा. दोरा दुहेरी घ्या, सुई लांब, गुलाब देठाकडून मधोमध ओवा म्हणजे फाटत नाही. लांबी ठरवायला घरातल्या त्याच उंचीच्या कोणाच्या तरी गळ्यात सुतळी टाकून पाहा, नाभीच्या जरा खाली आला की पुरे. मागे मानेवर येणाऱ्या वीतभर भागात फुलं न ओवता नुसती रिबन ठेवा, टोचत नाही अन् केसात अडकत नाही. झालेला हार ओल्या पिळलेल्या सुती कापडात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत. वरून पाणी मारत बसू नका, पाकळीवर थेंब राहिला तिथे डाग येतो.

मोगऱ्याचे दिवस हेच, गजरे मस्त होतात. कळ्या घट्ट असतानाच ओवा, संध्याकाळी डोक्यात उमलल्या पाहिजेत. केळीच्या पानात किंवा ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, पण तिथे आंबे-केळी नको.

हळदीचे दागिने मोगरा, झेंडू अन् गुलाबाच्या कळ्यांचे करा. कोणाकोणाच्या कातडीला झेंडू किंवा शेवंती सोसत नाही, पुरळ येतं, म्हणून आदल्या दिवशी नवरीच्या मनगटावर थोडा वेळ बांधून पाहा. तार वापरली तर टोकं आत वळवून टेप लावा.

शेवटचं: लॉनपर्यंत नेणे

वर्धा रोडला किंवा कोराडी रोडला लॉन असेल तर ट्रॅफिक धरून तास सहज जातो. गाडी आधी सावलीत एसी लावून थंड करा, मग फुलं ठेवा, डिक्कीत तर अजिबात नाही. पेटीत बर्फाच्या बाटल्या टॉवेलमधे गुंडाळून ठेवा, बर्फ पाकळीला लागला की ती काळी पडते. पोचल्यावर पेटी वधूपक्षाच्या खोलीत कूलरजवळ, अन् तिची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, शक्यतो जो वरातीत नाचणार नाही अशाकडे. आमच्या सीझनमधे सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे, ताई हार कुठं ठेवले कोणालेच माहीत नाही अन् गुरुजी अंतरपाट धरून उभे राह्यले.

दुसऱ्या दिवशी बुके जपायचा असेल तर रिबन सोडून अंधाऱ्या खोलीत उलटा टांगा. बाकी फुलं खतात टाकताना तारा, पिना अन् फोम आधी काढून घ्या, फोम मातीत कुजत नाही, तो कचऱ्याच्या गाडीत वेगळा द्या.